पत्र उघडा, दार नको : कौन्सिल टॅक्सची थकबाकी आणि बेलिफ

आपल्याकडे कोर्टाचा बेलिफ म्हणजे समन्स बजावायला येणारा सरकारी माणूस. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेचा ('कौन्सिल'चा) घरपट्टीसारखा कर, थकला की जो बेलिफ येतो, तो बहुधा खाजगी कंपनीचा असतो. कौन्सिलने वसुलीचं काम त्या कंपनीकडे सोपवलेलं असतं आणि त्याची फी थकबाकीदाराच्याच डोक्यावर चढते. पत्रात त्याला 'एन्फोर्समेंट एजंट' म्हटलेलं असतं. माणूस तोच.

या सगळ्या प्रकरणात दोन चुका महाग पडतात. आलेली पाकिटं न उघडता खणात टाकणं ही पहिली. तिने फी वाढत जाते. दारात आलेल्या माणसाला सवयीने 'या, आत या' म्हणणं ही दुसरी. तिने घरातल्या वस्तू जप्तीच्या टप्प्यात येतात. बाकी सगळं निस्तरता येतं.

खालची माहिती इंग्लंडची आहे. वेल्समध्ये बहुतेक नियम तेच आहेत. स्कॉटलंडमध्ये शेरीफ ऑफिसर आणि वेगळा कायदा, आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये कौन्सिल टॅक्सच नाही, तिथे 'रेट्स' असतात.

बेलिफच्या आधीचे टप्पे

वर्षाचं बिल साधारण एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत भरायचं असतं. कौन्सिलला लिहून मागितलं तर बारा हप्ते मिळतात. एक हप्ता चुकला की रिमाइंडर येतो आणि ७ दिवसांत पैसे भरायला सांगतो. तेही झालं नाही, तर त्यापुढच्या ७ दिवसांनी हप्त्यांची सवलतच जाते आणि वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. म्हणजे दीडशे पौंडांचा हप्ता चुकला म्हणून महिन्याच्या आत हजार-बाराशेची मागणी उभी राहते. दोन रिमाइंडरवर वेळेत पैसे भरले आणि त्याच वर्षात तिसऱ्यांदा चुकलं, तर थेट फायनल नोटीस येते.

पुढचं पाऊल मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स. इथेच कौन्सिल कोर्टखर्च थकबाकीत घालते. एकेका सकाळी अशी शेकडो प्रकरणं एकत्र काढली जातात, त्यामुळे तिथे आपली कहाणी ऐकून घेतील अशी आशा धरू नका. 'पैसे नव्हते' हा कोर्टात बचाव होत नाही. मी त्या घरात राहतच नव्हतो, पैसे भरलेले आहेत, घराला माफी आहे, नोटिसा नियमाप्रमाणे आल्या नाहीत, असली कारणं चालतात. कोर्टाने कौन्सिलचं म्हणणं मान्य केलं की 'लायबिलिटी ऑर्डर', म्हणजे ही थकबाकी तुम्हीच देणं लागता असा आदेश, निघते. ही काउंटी कोर्टाची डिक्री नसते, म्हणून क्रेडिट रेकॉर्डवर तिची नोंद होत नाही. पण तिने कौन्सिलच्या हातात बरंच काही येतं : पगारातून कपात, काही सरकारी भत्त्यांतून कपात, बेलिफ, थकबाकी १,००० पौंडांच्या वर असेल तर घरावर बोजा, ५,००० च्या वर असेल तर दिवाळखोरीचा अर्ज. एका ऑर्डरवर एका वेळी यातला एकच मार्ग चालवता येतो, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

तुरुंगाची धमकी बेलिफच्या तोंडी असेल तर ती पोकळ आहे. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्ससाठी कमाल तीन महिन्यांची कैद कायद्यात आहे खरी, पण त्यासाठी कौन्सिलला पुन्हा मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागतं. तिथे ऐपतीची चौकशी होते आणि मुद्दाम किंवा अक्षम्य हयगयीने पैसे भरले नाहीत असं ठरावं लागतं. वेल्सने ही शिक्षा २०१९ मध्ये काढूनच टाकली.

आधी बिल तपासा

मराठी घरांत, विशेषतः शिकायला आलेल्या मुलांच्या घरांत, थकबाकीचं मूळ पुष्कळदा चुकीच्या बिलात असतं. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स शून्य. पूर्णवेळ म्हणजे किमान एक शैक्षणिक वर्षाचा कोर्स, वर्षात निदान २४ आठवडे आणि आठवड्याला सरासरी २१ तास. पण ही माफी आपोआप लागत नाही. युनिव्हर्सिटीचं प्रमाणपत्र कौन्सिलला द्यावं लागतं. एकजण नोकरी करणारा आणि बाकी विद्यार्थी असतील तर २५ टक्के सूट. विद्यार्थ्याची पत्नी किंवा पती ब्रिटिश नागरिक नसेल, आणि व्हिसाच्या अटींनुसार त्यांना नोकरी किंवा सरकारी भत्ते घेता येत नसतील, तर तेही मोजणीतून वगळले जातात. हे कौन्सिलच्या कर्मचाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसतं.

माफी कोर्स संपण्याच्या तारखेला संपते, पदवीदान समारंभाला नाही. एका वर्षाचं मास्टर्स सप्टेंबरमध्ये आटोपलं, ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला, नोकरी शोधणं चालू आहे. कौन्सिल टॅक्स मात्र कोर्स संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चालू झालेला असतो. हिवाळ्यात येणारी पाकिटं ही त्याचीच.

खोली-खोलीने वेगवेगळे करार करून भाड्याने दिलेल्या घरात टॅक्सची जबाबदारी सहसा घरमालकाची असते. सगळ्यांचा एकच करार असेल तर सगळे एकत्रितपणे जबाबदार, आणि तेव्हा बेलिफ कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. आपल्या वाट्याचे पैसे मित्राला दिले होते, हे त्याला सांगून उपयोग नाही.

व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (ठरावीक सरकारी मदत, म्हणजे 'पब्लिक फंड्स', घेता येणार नाही) असा शेरा असलेल्यांनी एक फरक पक्का ध्यानात ठेवावा. कमी उत्पन्नासाठी मिळणारं 'कौन्सिल टॅक्स रिडक्शन' हे पब्लिक फंड्समध्ये मोडतं, तो अर्ज करू नका. एकट्याने राहण्याची २५ टक्के सूट आणि विद्यार्थ्यांची माफी त्यात मोडत नाही, ती बिनधास्त मागा.

कौन्सिलने ऐकलं नाही किंवा दोन महिन्यांत उत्तरच दिलं नाही, तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे, म्हणजे कौन्सिल टॅक्सचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करता येतं. त्याला फी नाही. लायबिलिटी ऑर्डर निघाल्यानंतरही बिल चूक ठरलं तर कौन्सिल ती ऑर्डर रद्द करून घेऊ शकते. घर बदलल्यामुळे समन्स जुन्या पत्त्यावर गेलं आणि काही कळलंच नाही, अशा प्रकरणांत तर हे पहिल्याच पत्रात लिहून मागावं. वाद चालू असेपर्यंत बेलिफला थांबवून ठेवा, हेही त्याच पत्रात लिहा. नुसतं अपील केल्याने बेलिफ आपोआप थांबत नाही.

नोटीस आणि फीचं गणित

बेलिफ कंपनीचं पहिलं पत्र म्हणजे 'नोटीस ऑफ एन्फोर्समेंट'. त्यानंतर पूर्ण ७ दिवस जाईपर्यंत तिचा माणूस जप्तीसाठी येऊ शकत नाही. नोटिशीचा दिवस, रविवार आणि बँक हॉलिडे या सातांत धरायचे नाहीत. सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त काळ हाच.

फीचे दर ६ एप्रिल २०१४ पासून कायद्याने बांधून दिलेले आहेत. त्या दरपत्रकाप्रमाणे प्रकरण कंपनीकडे गेलं की ७५ पौंड. बेलिफने घरी पहिली चक्कर मारली की आणखी २३५, आणि थकबाकी १,५०० च्या वर असेल तर वरच्या रकमेच्या साडेसात टक्के. वस्तू विक्रीला काढायची वेळ आली की पुन्हा ११० आणि तेच साडेसात टक्के. तुमच्या पत्रात जे आकडे छापलेत, ते सरकारी संकेतस्थळावरच्या चालू दरपत्रकाशी ताडून पाहा.

समजा थकबाकी १,८०० पौंड आहे. नोटिशीच्या मुदतीत हप्ते ठरवले तर एकूण १,८७५. बेलिफ दारात आला की ७५ अधिक २३५ अधिक ३०० चे साडेसात टक्के म्हणजे २२.५०, एकूण २,१३२.५०. तो पाच मिनिटं थांबला काय आणि दार न उघडल्याने तसाच परत गेला काय, फी तेवढीच. दुसऱ्या-तिसऱ्या चकरेला मात्र नवी फी लावता येत नाही. 'आज परत यावं लागलं म्हणून इतके जास्त' असं कोणी म्हटलं तर ते लेखी मागा. दोन वर्षांच्या दोन लायबिलिटी ऑर्डर असतील तर ७५ दोनदा लागतात, पण शक्य असेल तिथे त्यांची वसुली एकत्रच करायची असते, म्हणजे २३५ एकदाच.

'मी परस्पर कौन्सिलच्या खात्यात भरतो, बेलिफचा प्रश्नच मिटला' ही युक्ती पुष्कळांना सुचते. ती अर्धवटच चालते. प्रकरण कंपनीकडे गेल्यावर लागलेली फी देय राहते. वसूल झालेल्या पैशातून आधी ७५ ची फी आणि मग उरलेली फी व मूळ थकबाकी यांच्यात प्रमाणात वाटप, असा नियम आहे. त्यामुळे कौन्सिलला पूर्ण भरल्यासारखं वाटलं तरी फीसाठी पत्रं येत राहू शकतात.

दारात आल्यावर

कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्यांदा आलेल्या बेलिफला जबरदस्तीने घरात शिरता येत नाही. कुलूप फोडणं नाही, खिडकीतून नाही, कुंपणावरून उडी नाही, तुम्हाला बाजूला सारून नाही, दारात पाय अडकवून नाही. पण उघड्या किंवा नुसत्या लोटलेल्या दारातून तो आत आला तर ते कायदेशीर ठरतं. म्हणून पुढचं आणि मागचं दोन्ही दारं कुलूपबंद ठेवा. वेळ सकाळी ६ ते रात्री ९, वार कोणताही.

दार न उघडणं हा गुन्हा नाही. ढकलाढकली करणं, गाडीच्या चाकाला लावलेला क्लॅम्प (गाडी हलू न देणारा लोखंडी अडसर) कापणं हा आहे. बोलायचं असेल तर दाराआडून, वरच्या खिडकीतून किंवा फोनवर बोला. ओळखपत्र आणि अधिकारपत्र पत्रपेटीतून आत सरकवायला किंवा खिडकीच्या काचेला लावून दाखवायला सांगा, आणि नाव सरकारच्या प्रमाणित बेलिफांच्या ऑनलाइन यादीत शोधा. यादीत नाव नसेल तर तो ठग असण्याची शक्यता धरून चाला आणि कौन्सिलच्या बिलावरच्या नंबरवर खात्री करून घ्या. फोनने रेकॉर्डिंग करायला हरकत नाही. बहुतेक बेलिफांच्या छातीवरही कॅमेरा असतो.

पाणी प्यायला, बाथरूम वापरायला, 'जरा आत बसून कागद भरू' म्हणून आत येऊ देऊ नका. यात उद्धटपणा काही नाही. एकदा घेतलेला शांततेचा प्रवेश पुढच्या सगळ्या अधिकारांचा पाया असतो.

मुलगा-सून कामावर गेलेले आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा घरी, हे चित्र आपल्यात नेहमीचं. त्यांना आधीच सांगून ठेवा : साखळी लावूनच बोलायचं, कशावरही सही करायची नाही, कार्ड द्यायचं नाही. घरात फक्त १६ वर्षांखालची मुलं किंवा फक्त असुरक्षित व्यक्ती असतील तर बेलिफला आत जाताच येत नाही. कोणाला असुरक्षित धरायचं याच्या राष्ट्रीय निकषांत वृद्ध, अपंग, गंभीर आजारी, गरोदर स्त्रिया, एकल पालक, घरात नुकताच कोणाचा मृत्यू झालेले आणि बेरोजगार यांच्याबरोबर इंग्रजी समजायला, बोलायला किंवा वाचायला उघड अडचण असलेले लोकही येऊ शकतात. थकबाकीदार स्वतः असुरक्षित असेल आणि सल्ला घ्यायची पुरेशी संधी न देता बेलिफ कारवाईला लागला, तर २३५ ची फी वसूल करता येत नाही. यासाठी डॉक्टरचं पत्र, औषधांची यादी, मॅटर्निटी प्रमाणपत्र असं काहीतरी ईमेलने कंपनी आणि कौन्सिल दोघांना पाठवा. फोनवर सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

गाडी

घर बंद असलं तरी गाडी रस्त्यावर उभी असते, आणि बहुतेक प्रकरणांत बेलिफची नजर आधी तिच्यावरच जाते. तो क्लॅम्प लावू शकतो. त्यानंतर निदान २ तास गाडी तिथेच ठेवावी लागते, मग उचलून नेता येते, आणि नेल्यानंतर ७ पूर्ण दिवस विकता येत नाही. नोटीस आल्याबरोबर गाडी घरापासून आणि घरासमोरच्या रस्त्यापासून लांब, किंवा कुलूपबंद गॅरेजमध्ये ठेवणं शहाणपणाचं. मात्र नोटिशीनंतर गाडी कागदोपत्री मित्राच्या नावावर करून काही साधत नाही. कायद्याने नोटिशीपासूनच तुमच्या वस्तू या थकबाकीशी बांधल्या जातात.

ब्लू बॅज असलेली अपंगाची गाडी घेता येत नाही. हायर परचेसची गाडी हप्ते फिटेपर्यंत तुमची नसतेच. कराराची प्रत पाठवा. कामासाठी लागणारं वाहन, अवजारं, कॉम्प्युटर, पुस्तकं यांना मिळून १,३५० पौंडांपर्यंत संरक्षण आहे. महागडी गाडी 'कामासाठी लागते' म्हणून वाचत नाही.

आत येऊन गेला असेल तर

आत आलेला बेलिफ वस्तूंची यादी करतो आणि बहुधा 'कंट्रोल्ड गुड्स अॅग्रीमेंट' पुढे करतो : वस्तू सध्या तुमच्याकडेच राहतील, तुम्ही अमुक हप्ते भराल. हप्ता चुकला तर दोन पूर्ण दिवसांची नोटीस देऊन तो परत येऊ शकतो, आणि या वेळी कुलूप उघडूनही. म्हणून सही करताना हप्त्याचा आकडा झेपणाराच लिहा. दडपणाखाली मान्य केलेला ४०० चा हप्ता दुसऱ्याच महिन्यात तुटतो. तो आत आलाच नसेल आणि दारातच कागद पुढे करत असेल, तर सही करू नका.

यादीत काय येऊ शकत नाही तेही बघा. कुकर किंवा मायक्रोवेव्ह, फ्रिज, वॉशिंग मशीन, घरच्यांना पुरेल एवढं जेवणाचं टेबल आणि खुर्च्या, पलंग आणि अंथरूण-पांघरूण, एक फोन, आजारपणाच्या आणि लहान मुलांच्या गरजेच्या वस्तू, पाळीव प्राणी यांना हात लावता येत नाही. टीव्ही, गेम कन्सोल, दुसरा लॅपटॉप जाऊ शकतो. दागिने या संरक्षित यादीत नाहीत. दार बंद ठेवण्याचं हे एक फार चांगलं कारण आहे. घरमालकाचं फर्निचर किंवा रूममेटचा लॅपटॉप यादीत आला असेल तर ज्याची वस्तू त्याने पावती जोडून लेखी दावा करायचा. वस्तू नेली असेल तर सात दिवसांच्या आत.

हप्ते कसे मागायचे

एका कागदावर महिन्याचं उत्पन्न, भाडं, वीज-गॅस, जेवण, प्रवास, मुलांचा खर्च आणि शेवटी उरणारी रक्कम लिहा. भारतात आई-वडिलांना पाठवायचे पैसे यात दाखवले की ते 'अत्यावश्यक नाही' म्हणून कापायला सांगतात, याची तयारी ठेवा. उरणाऱ्या रकमेतून जमेल तेवढा प्रस्ताव ईमेलने कंपनीला द्या, प्रत कौन्सिलला. उत्तराची वाट न बघता तेवढी रक्कम भरायला सुरुवात करा आणि पावत्या जपून ठेवा. चालू वर्षाचा टॅक्स मात्र वेगळा, वेळेवर भरत राहा. तो चुकला की दुसरी लायबिलिटी ऑर्डर तयार.

कंपनी ऐकत नसेल तर कौन्सिलकडे प्रकरण परत मागवण्याची विनंती करता येते, आणि त्याऐवजी पगारातून कपात सुचवता येते. पण इथे आधी आकडेमोड करा. इंग्लंडच्या तक्त्याप्रमाणे कर-विमा वजा जाता महिन्याचा पगार ९०० ते १,४२० च्या मधे असेल तर १२ टक्के, १,४२० ते २,०२० च्या मधे असेल तर १७ टक्के कपात होते. २,०२० च्या वर असेल तर पहिल्या २,०२० वर १७ टक्के आणि वरच्या प्रत्येक पौंडाचे अर्धे. हातात ३,००० येणाऱ्या इंजिनिअरचे महिन्याला ८३३.४० पौंड जातात, शिवाय कंपनीच्या एचआरला सगळं कळतं. कमी पगारवाल्याला हा मार्ग बेलिफपेक्षा नक्की बरा. चांगल्या पगारवाल्याने कर्ज काढूनसुद्धा नोटिशीच्या सात दिवसांत हिशेब मिटवलेला परवडतो.

थकबाकी एकटी नसेल, क्रेडिट कार्ड आणि भाडंही तुंबलं असेल, तर 'ब्रीदिंग स्पेस' मागा. ४ मे २०२१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये ही योजना आहे. अधिकृत कर्जसल्लागारामार्फत अर्ज झाला की ६० दिवस बेलिफसह सगळी वसुली थांबते आणि फी वाढत नाही. चालू बिलं मात्र भरावीच लागतात. सिटिझन्स अॅडव्हाइस, स्टेपचेंज आणि नॅशनल डेटलाइन यांचा सल्ला फुकट आहे. पैसे मागणाऱ्या 'डेट सोल्यूशन' कंपन्यांकडे वळू नका.

तक्रार करायची तर आधी बेलिफ कंपनीकडे आणि कौन्सिलकडे, लेखी, तारीख-वेळ आणि बेलिफच्या नावासह. बेलिफ कौन्सिलच्या वतीने आलेला असतो, त्यामुळे त्याच्या वागण्याची जबाबदारी कौन्सिलला झटकता येत नाही. दोघांचं अंतिम उत्तर समाधानकारक नसेल तर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे स्वतंत्र तक्रार-चौकशी अधिकाऱ्याकडे जाता येतं : इंग्लंडमध्ये लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन, वेल्समध्ये तिथला पब्लिक सर्व्हिसेस ऑम्बुड्समन. दोन्हीकडे घटना कळल्यापासून साधारण बारा महिन्यांच्या आत जावं लागतं, तेव्हा पाकिटांवरच्या शिक्क्यांसकट सगळे कागद तोवर सांभाळून ठेवा.